जोह्यातलं अधिवेशन

त्या वर्षी संसद नीट चालली आणि जोह्याच्या गणपती-कारखान्याचा सगळा मेळ बिघडला.

सुशीलचा अंदाज साधा होता आणि आजवर कधी चुकला नव्हता. पावसाळी अधिवेशन सुरू झालं की विरोधक फलक घेऊन पुढे धावणार, सभापती ‘बसून घ्या’ म्हणणार, कोणी बसणार नाही, सभागृह तहकूब. दुसऱ्या दिवशी तेच. मग आठवडा उलटायच्या आत त्याचे थोरले भाऊ, राज्यसभेतले विरोधी पक्षाचे खासदार बाबाजी, दिल्लीहून घरी यायचे, आंघोळ करून उपाशीपोटी शेडमध्ये बसायचे आणि गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायचे. त्यांच्या घरात आखणीचा ब्रश थोरल्याच्या हातात. माती मळावी कोणीही, मूर्ती घासावी कोणीही, अंगाचा रंग, पितांबर, दागिने कोणीही करावेत. डोळे मात्र थोरल्यानं. आजोबांनी काढले, वडिलांनी काढले, आता बाबाजी काढत होते. त्यामुळे टीव्हीवर ‘प्रचंड गोंधळ’ असे शब्द आले की देशातली शहाणी माणसं हळहळायची आणि जोह्यात सुशील ट्रकवाल्याला फोन लावायचा.

“ये रे सोमवारी. अधिवेशन बसलं.”

याही वर्षी त्यानं त्याच भरवशावर ट्रक सांगून ठेवले होते. पण झालं भलतंच. दिल्लीनं राज्यांना आणि राज्यांनी गावांना किती अधिकार द्यावेत यावर सविस्तर चर्चा लावा, अशी बाबाजींच्या पक्षाची जुनी मागणी होती. ती सरकारनं अचानक मान्य केली. मागितलेलं हातात पडल्यावर गोंधळ कसा घालणार? सभागृह चाललं. जेवणाची सुट्टी खाऊन चाललं. आणि इकडे मांडण्यांवर ओळीनं बसलेल्या मूर्ती, मुकुट चढवून, सोंडेवर नक्षी घेऊन, कोऱ्या डोळ्यांनी समोरच्या पत्र्याकडे बघत राहिल्या.

डोळे नाहीत तोवर ती नुसती मूर्ती. तिच्या शेजारी बसून भांडता येतं, सासूची नक्कल करता येते, नवऱ्याला चार शब्द ऐकवता येतात. डोळे आखले की ते गणपती, मग आवाज खाली. या वर्षी शेडमध्ये फारच दिवस मोकळं बोलणं चाललं होतं.

“काय बोलायचं ते आज बोलून घ्या गो,” मालू कामाच्या बायांना म्हणाली. “उद्या भावजी येतायत.”

मालू सुशीलची बायको, गागोदे बुद्रुकची. भाताच्या आणि वालाच्या शेतातून थेट शाडूत आली. लग्न झालं तेव्हा तिला सोंड डावी की उजवी हेसुद्धा मूर्तीसमोर उभं राहून ठरवता यायचं नाही. आता शेडची किल्ली तिच्या कमरेला, रंगांचे डबे तिच्या ताब्यात, बायांची हजेरी तिच्याकडे आणि गिऱ्हाइकांचे रुसवेही तिच्याकडे. फक्त डोळे नव्हते. बाबाजी आखणी करून गेले की वाटीत उरलेला रंग घेऊन ती एखाद्या कान तुटलेल्या मूर्तीवर डोळे काढून बघायची आणि रंग ओला असतानाच पुसून टाकायची. सुशीलला तिनं एकदा विचारलं होतं, मी करू का म्हणून. त्यानं ‘दादाला विचारतो’ म्हटलं, आणि दादाला विचारण्याची हिंमत गोळा करता करता त्याचे केस पांढरे झाले.

*

रोह्याहून निघालेल्या मेमू गाडीत सगुणाआक्का खिडकीशी बसली होती आणि मोबाइलवर भावाचं भाषण परत परत ऐकत होती. आक्का सगळ्यांत मोठी, बाबाजींच्याही आधीची. तिला ब्रश कधीच मिळणार नव्हता, कारण थोरला म्हणजे थोरला मुलगा. हे तिला लहानपणी एकदा सांगितलं गेलं होतं, आणि तिनंही ते एकदाच ऐकून घेतलं होतं. मग ती लग्न होऊन रोह्याला गेली. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या तिच्या मुलानं, निकेशनं काल हा व्हिडिओ पाठवला होता, आणि तो बघितल्याबरोबर तिनं पिशवी भरली होती.

बाबाजी मराठीतच बोलत होते. “सभापती महोदय, माझ्या गावात गटारावर झाकण टाकायचं तर तीन ठिकाणच्या सह्या लागतात. सह्या येईपर्यंत माणूस गटारात पडून, पाय मोडून, बरा होऊन घरी येतो.” सभागृहात हशा. “जो वर्षभर काम करतो, त्याच्या हातात त्या कामाचा अधिकार नाही. सरकार म्हणतं, खालच्या लोकांची क्षमता नाही. अहो, अधिकार दिल्याशिवाय क्षमता येणार कुठून? द्या त्यांच्या हातात! चुकतील? चुकू द्या. आपण इथं बसून काय कमी चुकतो?” बाकांवर थापा.

पहिल्यांदा ऐकताना आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपला बाबाजी, ज्याला ती काखेत घेऊन मिठागराच्या बांधावरून फिरवायची, तो केवढा बोलतोय. नंतर मात्र तिला मालूचा चेहरा आठवला आणि ती एकटीच हसायला लागली. आता नागोठणे गेलं तरी तिचं हसू थांबत नव्हतं.

“काय झालं मावशी?” समोरच्या बाईनं विचारलं.

“माझा भाव बोलतो हाय. दिल्लीत.”

“कोणाला बोलतायत एवढं?”

“त्यालाच ठाव नाय कोणाला ते,” आक्का म्हणाली आणि डोळे पुसून मोबाइल ब्लाऊजमध्ये ठेवला.

*

बाबाजींची गाडी शेडसमोर थांबली तेव्हा पाऊस जरा उघडला होता. ते पायरीवरच थबकले. आत मांडण्यांवर मूर्तीच मूर्ती, एकीलाही डोळे नाहीत.

“एवढ्या?”

“मग काय, तू येशील म्हणून थांबलो,” सुशील म्हणाला. “परवा सकाळी ट्रक उभे राहणार दारात. दादा, या वेळी गोंधळ का नाय घातलात?”

“अरे, चर्चा चालू होती. लोकशाही आहे.”

“ती दरवर्षी असते की.”

बाबाजींनी मांडण्यांवरून नजर फिरवली. उद्या संध्याकाळचं विमान होतं. सोमवारी मंत्री चर्चेला उत्तर देणार होते आणि त्यांना अडवायला बाबाजींनी टोकदार प्रश्न काढून ठेवले होते. आजचा दिवस आणि उद्याची दुपार, एवढ्यात एकट्यानं हे होणं शक्य नाही, हे त्यांना कळलं. आणि दुसऱ्या कोणाला बसवावं हा विचार त्यांच्या मनात आलासुद्धा नाही.

“होईल,” ते म्हणाले. “मी उठतच नाही जागचा.”

“बसायचं मग. आधी सभा,” आतून आवाज आला.

शेडमध्ये हात असलेली एकच खुर्ची होती. त्या खुर्चीत सगुणाआक्का बसली होती, मांडीवर पर्स, पायाशी रोह्याची पिशवी. रंगाचे रिकामे डबे उलटे करून तिनं दोन्ही बाजूंना ओळी लावल्या होत्या. मालूची मुलगी दिपिका मोबाइल हातात घेऊन उभी होती. खासदारसाहेबांच्या भाषणांचे तुकडे काढून ते सगळीकडे टाकण्याचं काम हीच करायची. गटाराचा तुकडाही तिनंच काढला होता आणि रोह्याला निकेशदादाला तिनंच पाठवला होता.

“आक्का, तू कधी आलीस? आणि हे काय मांडलंयस?”

“सभापती महोदय म्हण. बस खाली.”

बाबाजी हसले. भावंडांत आक्काचं असं काहीतरी चालूच असायचं. सवयीनं ते तिच्या डाव्या हाताच्या डब्यांकडे वळले.

“तिकडं नाय. तिकडं विरोधी पक्ष. तू उजवीकडं.”

“मी विरोधी पक्षातच आहे, आक्का.”

“दिल्लीत. इथं ब्रश कोणाच्या हातात हाय? तुझ्या. मग सरकार तू.”

डाव्या बाजूला मालू आणि दिपिका बसल्या. सुशील उगाच मध्येच उभा राहिला. शेवटी त्यानं एक डबा ओढला आणि दादांच्या शेजारी बसला, पण असा, की वेळ आली तर उठता यावं. बाबाजींची बायको रोहिणी चहाचा ट्रे घेऊन आली आणि ती कुठे बसणार याकडे सगळे बघायला लागले. तिनं कप वाटले आणि दाराला टेकून उभी राहिली.

“मांड गो ठराव,” आक्का म्हणाली.

मालू उठली. गंमत म्हणूनच तिनं पदर सावरला आणि हात जोडले. “सभापती महोदय.” दिपिका फिस्सकन हसली. मग मालूनं समोर बाबाजींकडे बघितलं आणि तिचा आवाज बदलला.

“भावजी, मी गागोद्याची, विनोबांच्या गावची. विनोबांनी देशभर पायी हिंडून लोकांकडं जमिनी मागितल्या. मी कुठं हिंडत नाय. घरातल्या घरात एक ब्रश मागते. यंदापासून आखणी मला करू द्या.”

 सुशीलनं चहात बुडवलेलं बिस्किट कपात पडलं आणि त्याला ते काढायचं भान राहिलं नाही.

बाबाजींना पहिल्यांदा बरं वाटलं, की घरात इतकं मोकळं बोललं जातं. त्यांनी घसा साफ केला. “मालूनं मांडलेला विषय महत्त्वाचाच आहे. त्याची मला पूर्ण जाणीव आहे. विषय विचाराधीन आहे.”

“कधीपासून?” दिपिकानं विचारलं.

“दिपिका, मध्ये बोलायचं नाय,” आक्का म्हणाली. “पण प्रश्न बरा हाय. कधीपासून रे?”

“म्हणजे आता मांडला, तेव्हापासून. हे बघा, एकदम असं काही करता येत नाही. एक लहानशी समिती करू. मी आणि सुशील.”

“मी नको,” सुशील म्हणाला.

“बरं, मग टप्प्याटप्प्यानं घेऊ. यंदा प्रायोगिक तत्त्वावर मालूनं उंदरांचे डोळे काढावेत. त्याचा आढावा घेऊन पुढच्या वर्षी...”

“उंदरांचे डोळे मी लग्न झाल्यापासून काढते, भावजी.”

“हो का?” बाबाजी खरोखर चकित झाले. “मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही खाली बघितलं नाय कधी.”

कामाच्या बायांपैकी कोणीतरी तोंडावर हात दाबून हसलं. बाबाजींना ते हसू ओळखीचं वाटलं. परवा सभागृहात मंत्री ‘माहिती मागवली आहे’ म्हणाले तेव्हा मागच्या बाकांवरून असंच हसू आलं होतं आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज बाबाजींचा होता.

त्यांनी सुशीलकडे बघितलं. सुशील म्हणाला, “दादाचं पण खरं हाय गो. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं दादाच्या डोळ्यांवर येतात.”

“मी रोह्याची गिऱ्हाईक,” आक्का म्हणाली. “गेल्या वर्षी हा दिल्लीत कायतरी हरून आला आणि रागारागात बसला आखायला. आमच्या आळीतला गणपती विसर्जनापर्यंत सगळ्यांकडं असा बघत होता, जसे आम्ही सत्ताधारी. बायका आरतीला मागं मागं उभ्या राहायच्या.”

“आक्का, असं काही नव्हतं.”

“फोटो हाय. दाखवू?”

“नको.” बाबाजी उभे राहिले. उभं राहिल्याशिवाय त्यांना युक्तिवाद सुचत नसे. “तुम्ही सगळे हसण्यावारी नेताय. मालूच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आखणी म्हणजे नुसता हात नाही. त्याला लागते...” शब्द जिभेवर आला आणि तिथंच अडला. क्षमता. दिपिकानं मोबाइल किंचित वर केला. बाबाजींनी तो शब्द गिळला आणि दुसरा शोधला. “नेम लागतो. शुचिर्भूतपणा लागतो. बाबा आदल्या रात्रीपासून पाणी सोडून काही घ्यायचे नाहीत. मीही तोच नेम पाळत आलोय. आजच्या आजच कोणी उठून...”

“अहो,” दारातून रोहिणी म्हणाली.

“एक मिनिट.”

“शर्टावर तर्री सांडलीय.”

सगळ्यांनी एकदम बघितलं. खादीच्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या खाली, लाल तेलाचा गोल ठिपका होता.

“पनवेलला गाडी थांबली,” बाबाजी हळू आवाजात म्हणाले. “ड्रायव्हरनं मिसळ मागवली. मी... माझ्या लक्षातच राहिलं नाही.”

“मालू, तू काय खाल्लंस सकाळपासून?” आक्कानं विचारलं.

मालूनं हातातला चहाचा कप पुढे केला. तो तसाच भरलेला होता, वर साय धरलेला.

आधी दिपिका हसली, मग बाया, मग सुशीलसुद्धा. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण बाबाजींनी कप खाली ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ताडकन बाहेर चालते झाले.

“अरे!” आक्का खुर्चीतून ओरडली. “सरकार सभात्याग करत नाय रे! परत ये!”

*

शेडच्या मागे भातशेती सुरू व्हायची. बाबाजी बांधावर उभे होते आणि पुन्हा भुरभुर लागली होती. दिपिका छत्री घेऊन गेली, पण छत्री त्यांच्या डोक्यावर धरायची की आपल्या, हे न ठरल्यामुळे दोघंही भिजत राहिले.

“मोठेबाबा, रागावलात?”

“तो व्हिडिओ निकेशला तू पाठवलास.”

“मी सगळ्यांनाच पाठवला. तुम्हीच म्हणालात, लोकांपर्यंत पोचू दे.”

बाबाजी हसले नाहीत. वाऱ्यानं रोपं एका बाजूला कलायची आणि परत उभी राहायची, ते बघत राहिले.

“पूर्वी मी आलो की इथं सगळं माझ्यावाचून अडलेलं असायचं,” ते म्हणाले. “शेताचा वाद, कोणाचं लग्न, बँकेचं काम. आता सुशील करतो, तू करतेस, मालू करते. मला फोनवर कळतं, ते पण झाल्यावर. एक डोळे तेवढे थांबतात माझ्यासाठी. तेही दिले तर मी या घरात कोण?”

 भाषणातले तुकडे दिपिकाला चटकन सापडत. यातला कुठला ठेवायचा आणि कुठला कापायचा, ते कळत नव्हतं.

“एक विचारू?” बाबाजीच पुढे म्हणाले. “दिल्लीतल्या त्या मंत्र्याला पण असंच वाटत असेल का गं? की सगळं देऊन टाकलं तर आपल्याला विचारणार कोण?”

“वाटत असेल.” दिपिकानं विचार केला. “पण हे सोमवारी बोलू नका हां. पक्ष काढून टाकेल.”

तेव्हा मात्र बाबाजी हसले. एवढ्यात चिखलातून चपला उचलत रोहिणी आली. दिपिकानं तिच्या हातात छत्री दिली आणि शहाण्यासारखी निघून गेली.

रोहिणीनं आयुष्यभर नवऱ्याच्या राजकारणाकडे पावसासारखं बघितलं होतं. येतो, जातो, कपडे भिजवतो. ‘तर्री’ म्हणताना तिला वाईट वाटलं होतं, पण म्हणाल्यावर बरंही वाटलं होतं, आणि यातलं कुठलं खरं ते ती शोधत बसली नाही.

“ती फुटक्या मूर्तींवर डोळे काढून पुसते,” ती म्हणाली. “मी बघितलंय. पुसायच्या आधी हात जोडते.”

“मला सांगायचंस.”

“तुम्ही आल्यावर आखणी आणि आखणी झाल्यावर विमान. मध्ये सांगायचं कधी?” तिनं छत्री त्यांच्याकडे कलती केली. “आखणी आहे म्हणून येता तुम्ही. एकदा काही काम नसताना या. बघू तरी तुम्हाला कोण विचारतं ते.”

“कोण विचारेल?”

“या तर आधी.”

*

बाबाजी परत आले तेव्हा सभापती चहाचा दुसरा कप संपवत होत्या.

“बसून घ्या. मतदान. होय म्हणणारे?”

“होय!” दिपिका सगळ्यांच्या वरचढ ओरडली. मालूनं नुसता हात वर केला. सुशीलनं दादाकडे बघितलं, मग मांडण्यांकडे, मग दाराबाहेरच्या रस्त्याकडे, जिथं परवा ट्रक उभे राहणार होते. तो उठला, डबा उचलला आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसला. “होय.” दारातून रोहिणी म्हणाली, “होय.” कामाच्या बायांना मत नव्हतं, तरी त्यांनी ते दिलं.

“नाही म्हणणारे?”

सगळ्यांनी उजवीकडे बघितलं. तिथं ओल्या शर्टात एकटेच बाबाजी होते. 

“मी तटस्थ.”

“ठराव मंजूर. ब्रश दे तिच्या हातात. कुठं हाय?”

बाबाजींनी खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि उघडलं. आत चष्मा नव्हताच. वडिलांचा बारीक ब्रश होता, केसांना कागदाची टोपी घातलेला.

“अरे देवा,” आक्का म्हणाली. “दिल्लीला नेलास?”

“सभागृहात खिशात असतो,” बाबाजी म्हणाले. “बोलताना बरा वाटतो.”

यावर मात्र कोणी हसलं नाही. मालूनं हात धुतले, परत धुतले, कोरे डोळे घेऊन बसलेल्या सगळ्यांत पुढच्या मूर्तीसमोर पाट ठेवला आणि बसली. ब्रश घेण्याआधी तिनं बाबाजींच्या पायांना हात लावला. त्यांनी आशीर्वादाचं काहीतरी पुटपुटलं, पण तेवढ्यात तिनं ब्रश रंगात बुडवला आणि त्यांना राहवेना.

“वरच्या पापणीपासून घे. श्वास सोडताना...”

“बसून घ्या!” आक्का कडाडली.

मालूनं श्वास सोडला. पहिला डोळा हवा तसा उतरला, स्वच्छ, शांत. दुसऱ्याला तिचा हात किंचित वर गेला. डोळा एवढासा मोठा झाला. तिनं ब्रश उचलला आणि कोणाकडे न बघता थांबली.

सगळे पुढे वाकले. गणपती त्यांच्याकडे बघत होता. कोणीतरी आत्ताच त्याच्या कानात काही सांगितलंय आणि तो हसू दाबतोय, असा.

“गिऱ्हाईक काय म्हणेल,” सुशील पुटपुटला.

“हा रोह्याला चालला,” आक्का म्हणाली. तिचा आवाज आपसूक खाली आला होता. “कोणी हात लावायचा नाय. हा माझा. याच्यासमोर बाया पुढं उभ्या राहतील.” तिनं खुर्चीतून उठून हात जोडले, आणि का कोण जाणे, तिला बराच वेळ ते सोडवेनात.

बाबाजी गणपतीकडे बघत राहिले. चूक होती. असा डोळा वडिलांनी पुसायला लावला असता. पण पुसा म्हणायला बाबाजी आता कोणी नव्हते, आणि बघता बघता त्यांनाच त्या गणपतीचा मोह पडायला लागला.

मग मालूचा हात चालायला लागला. मूर्तीमागून मूर्ती. दुपारी सुशीलनं पेणच्या ट्रकवाल्याला फोन करून सोमवारचं पक्कं सांगितलं. बाबाजींना कोणी काही काम सांगेना, म्हणून त्यांनी काळा रंग घोटायला घेतला आणि मालूनं दोनदा तो जाड झालाय म्हणून परत पाठवला. तिची पाठ ताठ झाली होती. ‘वाटी इकडं’, ‘उजेड अडवू नका’, ‘त्या ओळीला हात लावायचा नाय’, अशा तिच्या सूचना सुटायला लागल्या होत्या, आणि सगळे निमूट ऐकत होते.

दिपिका पाटाशेजारी उकिडवी बसली. तिनं बराच वेळ आईच्या मनगटाकडे बघितलं.

“आई.”

“हं.”

“मागच्या ओळीतल्या लहान मूर्ती मी करू? नुसते डोळे. तू बघ समोर बसून.”

“थांब गो,” मालू मान वर न करता म्हणाली. “एकदम असं होत नाय. हात बसायला लागतो. पुढल्या वर्षी बघू.”

 आक्कानं पर्सची चेन उघडली आणि बंद केली. रोहिणीनं पदर तोंडाशी नेला. सुशील अत्यंत काळजीपूर्वक छताकडे बघायला लागला.

बाबाजी उठले. आपला डबा त्यांनी उचलला, आवाज न करता डाव्या बाजूला आणला आणि पुतणीच्या शेजारी ठेवून बसले. बसताना त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून नव्हती ती कळा आली.

“नोटीस दे,” ते दिपिकाच्या कानाशी म्हणाले. “रीतसर. अनुमोदन माझं. सुशील फुटेल, तो नेहमीच फुटतो. आणि एक सांगतो, आवाज चढवायचा नाही, तिचीच वाक्यं तिला वाचून दाखवायची.”

“काय कुजबुज चाललीय तिकडं?” मालूनं विचारलं.

बाबाजी चटकन उभे राहिले, हात वर.

“काही नाही, मंत्रीमहोदया. विरोधी पक्षाला फक्त दोन मिनिटं हवी आहेत.”